बायसिकलच्या आधीचा ‘मी’

सायकल जिन्याच्या वळणावर अडकली तेव्हा वर माझ्या क्लासमध्ये सिंपल पास्ट टेन्स चालू होता. आधी खडखडाट ऐकू आला. मग घंटी वाजली. मग एका माणसाचा आवाज आला, "हँडल मोडा इकडं. मोडा म्हंजे वळवा, तोडू नका."

मी दारात जाऊन पाहिलं. वालूरचे अप्पा आणि त्यांच्या खताच्या टेम्पोचा ड्रायव्हर एक जुनी लेडीज सायकल उचलून वर आणत होते. त्यांच्या मागं अप्पांच्या पत्नी सुमनबाई, हातात कापडी पिशवी घेऊन, एकेक पायरी चढत होत्या.

"अप्पा, हे काय?" मी विचारलं.

"पुरावा," अप्पा म्हणाले आणि सायकल फळ्याला टेकवून उभी केली.

हे समजायला चार दिवस मागं जावं लागेल.

मी परभणीत चौदा वर्षं स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते. खाली कटलरीचं दुकान, वर माझा क्लास. अलीकडं माझ्याकडं जास्त करून नर्सेस आणि फार्मसीची मुलं येतात. परदेशात नोकरीला जायचं तर इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते. तिच्यात नऊपैकी गुण मिळतात, त्यांना बँड म्हणतात. लिहिणं, वाचणं, ऐकणं घोकून जमतं. अडतं ते बोलण्यात. समोर परीक्षक बसतो, मधे रेकॉर्डर चालू असतो आणि दहा-बारा मिनिटं बोलावं लागतं.

सुरुवात साध्या प्रश्नांनी होते. हे प्रश्न काही महिने फिरत राहतात. परीक्षा देऊन आलेली मुलं मला फोन करून सांगतात आणि मी ते पुढच्या बॅचला देते. त्या वेळी सायकलचे प्रश्न फिरत होते. लहानपणी तुमच्याकडं सायकल होती का? तुमच्या भागात सायकल चालवणं लोकप्रिय आहे का?

आमची मुलं अशा प्रश्नाला "येस, आय हॅड" म्हणतात आणि गप्प बसतात. परीक्षक वाट बघतो, हेही वाट बघतात. माझं काम ते उत्तर लांबवायचं. कारण सांगा, एक प्रसंग सांगा, काय वाटलं ते सांगा. त्यासाठी मी एक नमुना उत्तर बनवलं होतं. सातव्या वाढदिवसाला वडिलांनी लाल सायकल दिली, मी पडलो, पुन्हा उठलो, मला स्वातंत्र्य वाटलं. बॅचमध्ये बारा जण होते. त्यांतल्या अकरा जणांना सातव्या वाढदिवसाला लाल सायकल मिळाली.

बारावी शिवलीला, वालूरच्या अप्पांची मुलगी. परभणीतल्याच एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स, वय सव्वीस. परदेशातल्या एका हॉस्पिटलनं तिला नोकरीचं पत्र दिलं होतं. स्पीकिंगला सात बँड आणायचे आणि ठरलेल्या मुदतीत निकाल पाठवायचा, एवढंच बाकी होतं. आधीच्या वेळी तिचे सात अर्ध्या बँडनं हुकले होते. मुदतीच्या आत आता एकच तारीख होती, ती अकरा दिवसांवर आली होती.

लाल सायकलचं उत्तर तिनं घेतलं नाही. म्हणाली, "मॅडम, आमच्यात वाढदिवस करत नव्हते. आन् सायकल लाल नव्हती."

"परीक्षक वालूरला येऊन बघणार आहे का?"

"न्हाई येणार. पण मी पेशंटला इंजेक्शन देताना दुखणार न्हाई असं बी म्हणत नसते. मला जमत न्हाई ते."

मग तिनं स्वतःचं उत्तर दिलं. "नो, आय डिडन्ट हॅव अ बायसिकल. माय फादर बॉट अ बायसिकल, बट माय ब्रदर रोड इट. आय सॅट ऑन द कॅरिअर." म्हणजे, माझ्याकडं सायकल नव्हती, वडिलांनी एक घेतली, पण चालवायचा भाऊ, मी कॅरिअरवर बसायची. भूतकाळ बरोबर, वाक्य जोडलेलं, त्यात थोडं दुःखही. मी खूश झाले. सराव परीक्षेत तिला साडेसहा दिले, रेकॉर्डिंग तिच्या मोबाइलवर पाठवलं आणि घरी ऐक म्हणून सांगितलं.

तिनं ते रविवारी वालूरला, मेथी निवडता निवडता, स्पीकर चालू ठेवून ऐकलं. धाकटा भाऊ बसवेश शेजारी होता. त्यानं वडिलांना एकेका वाक्याचा मराठी अर्थ सांगितला. हौसेनं सांगितला असणार.

सोमवारी सकाळी अप्पा माझ्या दारात. कपाळाला भस्माचे पट्टे, पांढराशुभ्र शर्ट. वालूरला त्यांचं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. लेकीला नर्सिंगला घातलं तेव्हा भावकीतले लोक त्यांच्याशी सहा महिने बोलत नव्हते. तरी त्यांनी तिला शिकवलं. आता ती परदेशी जाणार हे त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून ठेवलं होतं.

"मॅडम, तुमी लेकराला खोटं बोलायला शिकवायलात का?"

मी नाही म्हणाले. खरं तर अकरा लेकरांना शिकवत होते. न शिकलेली तेवढी एक त्यांची होती.

"मग त्या रेकॉर्डात बापानं सायकल दिली न्हाई असं कामून हाय? सायकल मी तिच्यासाठीच घेतलती. सातवी पास झाली तवा. हायस्कूल गावाच्या त्या टोकाला, म्हणून घेतली. ते रेकॉर्ड तिकडं जमा झालं का?"

"कुठंच जमा होत नाही, अप्पा. सराव आहे तो."

"पण परीक्षेत बी हेच बोलणार ना? तो गोरा माणूस लिहून घेणार ना, की हिच्या बापानं पोराला सायकल घेतली आन् पोरीला न्हाई?"

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग एक चूक केली. हा इंग्रजीचा प्रश्न आहे असं समजून मी फळ्याकडं गेले आणि दोन वाक्यं लिहिली. माय फादर बॉट अ बायसिकल. माय फादर बॉट मी अ बायसिकल.

"पहिल्या वाक्यात वडिलांनी सायकल घेतली एवढंच कळतं. दुसऱ्यात कोणाला घेतली तेही कळतं. ज्याच्यासाठी काम केलं त्याला अप्रत्यक्ष कर्म म्हणतात. ते बायसिकलच्या आधी येतं. हा बघा, मी."

अप्पांचा चेहरा उजळला. "म्हंजे ह्यात मी हाय."

"आहे."

"आन् तिनं काढून टाकलाय."

"तो ‘मी’ तुम्ही नाही, अप्पा. ती आहे."

"ती कशी? सायकल मी घेतली ना?"

"इंग्रजीत ‘मी’ म्हणजे मला."

"मला कशाला? मला कुणी सायकल घेतली?"

मागच्या बाकावरून अझहर, फार्मसीवाला, म्हणाला, "मॅडम, अप्पांचा मुद्दा बरोबर वाटायलाय." मी त्याला गप्प केलं. अप्पांनी खिशातल्या डायरीत दुसरं वाक्य मराठी अक्षरांत उतरवून घेतलं, ‘मी’च्या खाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, "एवढा मी घाला. बाकी तुमचं चालू द्या."

ते गेल्यावर मला वाटलं, मिटलं.

त्या संध्याकाळपासून अप्पा तिला रोज फोन करून ते एक वाक्य म्हणायला लावू लागले. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी. बुधवारी मी तिची पुन्हा सराव परीक्षा घेतली. नोकरी, घर, हवामान, सगळं सुरळीत बोलली. लहानपणी सायकल होती का, असं विचारल्यावर मात्र ती म्हणाली, "येस. नो. माय फादर बॉट. मी. बॉट मी." मग थांबली. 

परीक्षेत चूक झालेली चालते, अडखळलेलं महागात पडतं. एका प्रश्नाला गाडी थांबली की पुढच्या दोन प्रश्नांना माणूस आधीच्याचाच विचार करत असतो. तिचे साडेसहाचे साडेपाच झाले.

"अगं, घाल ना तो मी," मी म्हणाले. "एका शब्दानं काय होतं?"

"तेवढाच शब्द खोटा हाय, मॅडम," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "न्हाई घातला तर अप्पा खोटे पडायलेत. त्यांनी मला शिकवलं. मी त्यांच्याबद्दल काय बोलू?"

तिला म्हटलं, तुझ्या अप्पांशी मी बोलते. रात्री फोन केला. त्यांना म्हणाले की मुलीच्या आठवणीत सायकल तिची नाही. पुरावा असल्याशिवाय ती ते वाक्य म्हणणार नाही. पुरावा हा शब्द मी वापरायला नको होता.

तर गुरुवारी सायकल आली.

बॅच बसलेली, शिवलीला पहिल्या बाकावर, सुमनबाई मागं भिंतीशी. अप्पांनी बसवेशला, घरच्यांच्या बसूला, फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाइल टेबलावर ठेवला. मी डस्टर हातात धरून उभी होते. माझ्याच क्लासमध्ये मला काय काम आहे ते कळत नव्हतं.

"पहिली गोष्ट," अप्पा म्हणाले, "चेनकव्हर बघा. पेंटरकडून तिचं नाव टाकून घेतलं होतं." त्यांनी रुमाल ओला करून कव्हर पुसलं. गंजातून पिवळ्या रंगातली दोनच अक्षरं वर आली. ‘शिव’. पुढं मागं सगळा रंग उडालेला.

"शिवलीला," अप्पा म्हणाले.

"ॐ नमः शिवाय," फोनमधून बसवेश म्हणाला. "तो पेंटर गावातल्या सगळ्या गाड्यांवर तेच लिहायचा, अप्पा. आपल्या पाण्याच्या टाकीवर बी तेच हाय."

बॅच पुढं सरकली. अझहरनं मोबाइलचा टॉर्च लावला. अक्षरांच्या आधी किती जागा आहे ते दोघीतिघींनी बोटांनी मोजलं. आधी ‘कु.’ होतं की ‘ॐ नमः’, यावर मतं फुटली. निकाल लागला नाही.

"बरं," अप्पा म्हणाले, "मधला दांडा बघा. न्हाई. पोराला घ्यायची असती तर बिनदांड्याची घेतली असती का?"

 बॅचमधल्या दोघांनी माना डोलावल्या. मलाही पटलं. सायकल तिच्यासाठीच घेतली होती.

शिवलीला उठली. "अप्पा, घेतली माझ्यासाठी. मान्य. पण मला दिली का?"

"म्हंजे?"

"घरी आली त्याच दिवशी बसू घेऊन गेला. शिकला. तुमी त्याला म्हणालात, ताईला शाळेत सोडत जा."

"मग? गेलीस ना सायकलवर शाळेला?"

"कॅरिअरवर."

"कॅरिअर सायकललाच असतंय ना?"

इथं मला बॉट आणि गेव्ह यांतला फरक समजावून सांगता आला असता. घेणं वेगळं, देणं वेगळं. धडा इतका आयता पुन्हा मिळाला नसता. मी डस्टर टेबलावर ठेवून दिलं.

अप्पांचा आवाज उतरला. "बसूनं तुला शिकवली न्हाई?"

"मला आज बी सायकल येत न्हाई, अप्पा."

अप्पा खुर्चीवर बसले. वाकून सायकलचं टायर चाचपलं. मग त्यांना काहीतरी आठवलं. दुकान चालवणारा माणूस, हिशेबी डोकं. "असं कसं? दोनदा टायर बदललंय मी हिचं. तू चालवली न्हाई तर टायर कशानं झिजलं? बसू?"

"मी न्हाई," बसवेश म्हणाला. "मी एकच वर्ष चालवली. नंतर तुमचीच मोटारसायकल धरली की. टायर माझ्या नंतर बदललेत."

"मग कुणी चालवली ही?"

"मी," मागून आवाज आला.

अप्पा न वळताच म्हणाले, "ते झालं गं. ‘मी’चं मॅडमनी सांगितलंय. ते मी म्हंजे—"

"ते न्हाई. मी. मी चालवली," सुमनबाई म्हणाल्या.

 त्यांनी पिशवी मांडीवर सारखी केली. सांगायचं म्हणून नव्हे, विचारलंय म्हणून सांगतेय, असा त्यांचा चेहरा होता.

"कवा?" अप्पांनी विचारलं.

"दुपारच्याला. तुमी दुकानात, लेकरं शाळेत. बसूनं टाकून दिल्यावर ती गोठ्याच्या भिंतीला उभी असायची. शेजारच्या काशीबाईनं कॅरिअर धरलं, मी बसले. मग मी धरलं, ती बसली. पंधरा दिवसांत आली."

"पडली न्हाईस?"

"पडले की. हात मुरगळलता. तुमाला न्हाणीत घसरले म्हणून सांगितलं."

"आन् मी न्हाणीत फरशी बदलून घेतली," अप्पा हळूच म्हणाले.

"चांगली झाली फरशी."

शिवलीला आईकडं बघत होती. मीही बघत होते. पन्नाशीची, डोक्यावर पदर, आल्यापासून एक शब्द न बोललेली बाई. "कुठं जायचीस तू, आई?"

"कुठं न्हाई. ओढ्यापोत जायची आन् यायची."

"कशाला?"

सुमनबाईंनी थोडा विचार केला. "जाऊन यायला."

"किती वर्षं?" अप्पांनी विचारलं.

"हिचं नर्सिंग संपेपोत. मग गुडघा धरला."

"मला सांगितलं न्हाईस."

"तुमी इचारलं न्हाई. टायर मागितलं की आणून द्यायचात. मला वाटलं, ठाऊक आसंल."

अप्पांनी टेबलावरचा फोन उचलला, बसवेशला काही न सांगता बंद केला आणि खिशात ठेवला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, आता वाक्य कसं करायचं?"

मी फळा पुसला. त्या दिवशीचा नियोजित धडा तसाही गेला होता. सगळ्या बॅचनं मिळून उत्तर केलं. वडिलांनी माझ्यासाठी सायकल घेतली. भावानं ती नेली. आणि चालवली आईनं. माय फादर बॉट मी अ बायसिकल, माय ब्रदर टूक इट, अँड माय मदर रोड इट. अप्पांनी डायरी काढून ‘मी’ जागेवर आहे ना ते तपासलं. शिवलीलानं ते वाक्य एकदा म्हटलं, दुसऱ्यांदा म्हणताना तिला हसू आलं, आणि तिसऱ्यांदा ती फळ्याकडं न बघता पुढं बोलत गेली. न्हाणीची फरशी, काशीबाई, ओढा. दोन मिनिटं. तिला थांबवावं लागलं.

राहिला दुसरा प्रश्न, तुमच्या भागात सायकल लोकप्रिय आहे का. याचंही माझं नमुना उत्तर होतं. पर्यावरण, आरोग्य, वाढती जागरूकता. मी ते वाचून दाखवलं आणि मराठीत अर्थ सांगितला. सुमनबाई म्हणाल्या, "असं काय न्हाई आमच्याकडं. शिकलेलं पोरगं सायकलवर दिसलं तर लोक विचारतेत, गाडी बिघडली का. बायांत मात्र हाय. आमच्या गल्लीत चौघी शिकल्या त्याच सायकलवर. सांगत न्हाईत कुणी."

शिवलीलानं तेही लिहून घेतलं.

सायकल खाली न्यायला अझहरनं हात लावला. टायर चिरलेले, हवा टिकण्यासारखी नव्हती. रस्त्यावर आल्यावर ड्रायव्हर ती टेम्पोत चढवायला लागला, तर सुमनबाई म्हणाल्या, आधी टायर बघून येऊ. हँडल त्यांनीच धरलं. अप्पा त्यांची कापडी पिशवी घेऊन मागून चालले. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, त्यांना वाट देत दोघं कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानाकडं गेले. आम्ही वरून बघत होतो. त्या दिवशी पुन्हा शिकवणं झालं नाही.

परीक्षा छत्रपती संभाजीनगरला झाली. बाहेर आल्या आल्या तिनं मला फोन केला. परीक्षकानं नोकरीचं विचारलं, घराचं विचारलं आणि मग सायकलचं विचारलं. लहानपणी तुमच्याकडं सायकल होती का?

"तू काय म्हणालीस?"

"मॅडम, आपलं वाक्य आठवेचना. मी म्हणलं, दॅट इज अ डिस्प्यूटेड मॅटर इन माय फॅमिली."

आमच्या घरात हे प्रकरण वादग्रस्त आहे. कोर्टात शोभेल असं हे इंग्रजी तिनं कुठून आणलं माहीत नाही, मी शिकवलेलं नव्हतं.  परीक्षकानं खुर्ची पुढं ओढली आणि विचारलं, का? तेव्हा तिला वाक्यही आठवलं आणि तिनं सगळं सांगितलं. त्याचा पुढचा प्रश्न विचारायचा राहिला आणि त्या भागाची वेळ संपली.

स्पीकिंगला सात आले. पत्राच्या मुदतीत निकाल गेला, आता तिची कागदपत्रं चालू आहेत. निकालाच्या दिवशी अप्पांचा मला फोन आला. बँड त्यांना आधीच कळले होते. त्यांना दुसरंच विचारायचं होतं.

"मॅडम, परीक्षेत मी घातला का तिनं?"

"घातला म्हणाली."

"बराबर जागी?"

"बायसिकलच्या आधी."

"मग ठीक हाय," म्हणाले आणि फोन ठेवला.

लाल सायकलचं उत्तर मी फाडून टाकलं आहे. अकरा जणांपैकी चौघांना परीक्षकानं मधेच थांबवून सायकलचा ब्रँड विचारला होता आणि चौघांनाही सांगता आला नाही. आता मी मुलांना म्हणते, घरी जाऊन विचारून या, खरं काय होतं. आणि अप्रत्यक्ष कर्म पहिल्याच आठवड्यात शिकवून टाकते. ते राहिलं की घरचे लोक येतात.